असईचा रस्ता आणि म्हैसूरचे बैल

बंगळुरूत हलसूर तलावाजवळ, मद्रास सॅपर्सच्या छावणीला लागून एक रस्ता आहे. त्याचं नाव असाये रोड. इथल्या दहा माणसांना विचारा की हे असाये म्हणजे काय, नऊ जण खांदे उडवतील. आपल्याला मात्र ते ठाऊक असायला हवं, कारण गाव आपलं आहे. जालना जिल्ह्यातलं, भोकरदन-जाफराबाद भागातलं असई. याच शहरात रिचमंड टाउनमध्ये एक वेलिंग्टन स्ट्रीट आहे. आणि आमच्यासारख्या फौजी माणसाला वेलिंग्टन म्हटलं की आठवतं ते निलगिरीतलं, कुन्नूरजवळचं, स्टाफ कॉलेजचं गाव. ही सगळी नावं एकाच माणसापाशी जातात. आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, 1828 साली ब्रिटनचा पंतप्रधान झालेला.

त्याच्यावर इंग्रजीत कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. त्यातली बहुतेक वॉटर्लूकडे धावतात आणि हिंदुस्थानातली आठ वर्षं प्रस्तावनेसारखी उरकतात. मला ते पटत नाही. मी पायदळातला नव्हे, पुरवठ्याच्या खात्यातला माणूस. आमच्या आर्मी सर्व्हिस कोअरचं केंद्रही याच बंगळुरूत आहे. आयुष्यभर मी पीठ, डाळ, रॉकेल, गाड्या आणि एके काळी खेचरं मोजली. त्यामुळे कुठल्याही सेनापतीची गोष्ट वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, याचं सैन्य जेवलं काय आणि ते आणलं कोणी? वेलस्लीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर म्हैसूर हे आहे. आजचा भाग ग्वाल्हेर आणि नागपूरकडच्या मंडळींना जरा झोंबेल, पण ऐका.

जन्म 1769, आयर्लंडमध्ये, सरदार घराण्यात. नेपोलियनही त्याच वर्षीचा. घराणं मोठं, पैसा बेताचा, आणि हा मुलगा घरच्यांच्या लेखी काही खास नव्हता. ईटनच्या शाळेत फार टिकला नाही, मग फ्रान्समध्ये आंजे इथे घोडेस्वारी शिकला. 1787 साली सैन्यात अधिकारी झाला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात हुद्दे विकत मिळायचे. 1793 पर्यंत हा गडी चोविसाव्या वर्षी 33व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल होता. त्याच सुमारास किटी पॅकनम नावाच्या मुलीला मागणी घातली, ती तिच्या घरच्यांनी नाकारली, आणि याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली. (तिच्याशीच 1806 मध्ये लग्न केलं. ते सुखाचं झालं नाही, पण तो आजचा विषय नाही.)

1794 च्या हिवाळ्यात त्याची पलटण फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या बाजूला, फ्रेंचांपुढे माघार घेत होती. माणसं गोळीपेक्षा थंडीने आणि उपासाने जास्त मेली. रसद पोचत नव्हती, वरिष्ठ जागेवर नसत. युद्ध कसं करू नये हे आपण तिथे शिकलो, असं तो पुढे म्हणत असे. कसं करावं हे शिकायला मात्र त्याला आपल्याकडे यावं लागलं.

1797 च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. मोठा भाऊ गव्हर्नर जनरल आणि धाकटा कर्नल, म्हणजे वशिला होताच. तो लपवण्यात अर्थ नाही, त्या काळी लपवतही नसत.

1799 साली टिपू सुलतानावर मोहीम निघाली. जनरल हॅरिसचं सैन्य आणि निजामाची फौज मिळून हजारो बैलांचं एक चालतं शहर मद्रासकडून घाटावर चढलं. बंगळुरूच्या आसपास चाऱ्याअभावी बैल पटापट मरू लागले. टिपूच्या स्वारांनी वाटेतला चारा जाळला होता. दारूगोळा रस्त्यात टाकून द्यायची वेळ आली. कधी कधी दिवसाची मजल पाच मैलांच्या पुढे जात नव्हती. वेलस्ली या मोहिमेत निजामाच्या फौजेबरोबर होता. हे सगळं त्याने जवळून पाहिलं. श्रीरंगपट्टणापाशी पोचल्यावर 5 एप्रिलच्या रात्री सुलतानपेटच्या आमराईवर त्याने केलेला हल्ला अंधारात पार फसला. त्यानंतर न पाहिलेल्या जागेवर रात्री हल्ला करायचा नाही, हा त्याचा कायमचा नियम झाला.

4 मे 1799 ला किल्ला पडला, टिपू लढता लढता मारला गेला. तटावरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलं होतं जनरल बेर्डने. या बेर्डने तरुणपणी याच श्रीरंगपट्टणात साडेतीन वर्षांहून जास्त काळ कैद भोगली होती. त्या रात्री शहर लुटलं गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्याचा कारभार बेर्डकडे न राहता धाकट्या वेलस्लीकडे गेला. बेर्ड हा अपमान शेवटपर्यंत विसरला नाही. वेलस्लीने चार लुटारू सैनिकांना फाशी दिलं, काहींना फटके मारले, बाजार उघडायला लावला. लूट थांबवली हे खरं. लुटीतला सुमारे 4,000 पौंडांचा वाटा त्यालाही मिळाला, हेही खरं. दोन्ही एकाच वहीत मांडायला हवं.

आता इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयरांना गादीवर बसवलं आणि दिवाण म्हणून ज्यांना ठेवलं ते पूर्णय्या टिपूचेच मंत्री होते. हैदर, टिपू आणि मग इंग्रजांच्या छायेतला वोडेयर राजा, तिन्ही राजवटींत हिशेब त्यांच्याच हातात. देशस्थ माध्व ब्राह्मण, आणि म्हैसूरच्या दप्तरात त्या काळी कन्नडबरोबर मराठीही चालायची. वेलस्ली श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत राहायचा आणि म्हैसूरमधल्या सैन्याचा प्रमुख होता. पूर्णय्यांनी राज्य चालवायचं, रेसिडेंट बॅरी क्लोजने लक्ष ठेवायचं आणि वेलस्लीने बंदोबस्त करायचा, अशी वाटणी होती. श्रीरंगपट्टणला कावेरीवर 1804 साली पूर्णय्यांनी बांधलेला वेलस्ली पूल लोक याच्या नावाचा समजतात. तो थोरल्या भावाच्या, गव्हर्नर जनरलच्या नावाचा आहे.

टिपूच्या इस्टेटीत सोनंनाणं, तोफा, ग्रंथ सापडले, ते सर्वांना माहीत आहे. त्याहून मोलाची गोष्ट होती सरकारी गुरांची खिल्लारं. अमृत महल. वोडेयरांच्या जुन्या काळापासून चालत आलेलं हे खातं हैदर-टिपूने वाढवलं. राखीव कुरणं, वळूंची निवड, ठरावीक वयाला बैल धरून शिकवणं, सगळं शिस्तीत. हे बैल दुधासाठी नव्हते, ओझ्याला बारीक वाटत, पण तोफ ओढत घोड्याच्या बरोबरीने चालत. टिपूच्या तोफा अचानक भलत्याच ठिकाणी कशा उगवतात हे कोडं इंग्रजांना वीस वर्षं सुटलं नव्हतं. ते गोठ्यात सुटलं.

जरा हिशेब करू, कागद घ्या. माणशी रोज एक किलो धान्य धरा. दहा हजार लढणारी माणसं म्हणजे रोज शंभर क्विंटल. पाठीवर एक क्विंटल वाहणारा बैल धरला तर रोजचे शंभर बैल, महिन्याचे तीन हजार. हे फक्त शिपायांचं. त्यांच्या मागे बाजारबुणगे, मोतद्दार, डोलीवाले, बायकापोरं काही पट असायची. घोड्यांचे हरभरे वेगळे, तोफेचे गोळे वेगळे. आणि बैल स्वतःही खातो. म्हणून वेलस्लीच्या त्या वर्षांतल्या पत्रव्यवहारात लढाईपेक्षा बैल, तांदूळ, दारूची पिंपं आणि पैशांच्या थैल्या जास्त दिसतात. इंग्रज चरित्रकारांना तो भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो कादंबरीसारखा वाटतो.

बैलांच्या जोडीला बंजारे होते. इकडे त्यांना लंबाणी म्हणतात, आपल्याकडे लमाण. हजारो बैलांचे तांडे घेऊन ते धान्य विकत हिंडायचे आणि कुठल्याही सैन्याला पुरवायचे. अट एकच, रोख पैसे आणि तांड्याला संरक्षण. वेलस्लीने ही अट पाळली. लष्कराच्या बाजारात लूट झाली तर शिक्षा ठरलेली. हा काही दयाळूपणा नव्हता. लुटलेला बंजारा पुन्हा येत नाही, एवढा साधा व्यवहार होता.

या व्यवस्थेची पहिली परीक्षा झाली धोंडिया वाघाच्या पाठलागात. धोंडिया हा चन्नगिरीचा, जातीने मराठा, टिपूच्या कैदेतून किल्ला पडल्यावर सुटला आणि स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवू लागला. हजारो स्वार त्याच्याभोवती जमले. 1800 च्या जूनअखेर त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना ठार केलं. वेलस्ली पावसाळाभर त्याच्या मागे होता. स्वाराचा पाठलाग पायदळ करू शकत नाही, असा समज होता. पण ज्याच्या बरोबर तांदूळ चालतो त्याला थांबावं लागत नाही, आणि ज्याला रोज लुटून खायचं आहे त्याला थांबावंच लागतं. 10 सप्टेंबर 1800 रोजी कोणगलपाशी गाठ पडली, चार घोडदळ पलटणी एका रांगेत घालून वेलस्ली स्वतः पुढे गेला, आणि धोंडिया मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबत खान छावणीत सापडला. त्याच्या पालनपोषणाची सोय वेलस्लीने स्वतःच्या पैशातून केली.

मग 1802. यशवंतराव होळकरांनी 25 ऑक्टोबरला हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव वसईला पळाला आणि 31 डिसेंबरला त्याने तहावर सही केली. पुढची कथा आपल्याला पाठ आहे. पण तारखा एकदा फौजी नजरेने पाहा. 9 मार्च 1803 ला वेलस्ली म्हैसूरच्या सरहद्दीवरच्या हरिहरहून निघाला. पुणं जाळलं जाणार अशी बातमी आली तेव्हा घोडदळ घेऊन शेवटचे सुमारे 60 मैल त्याने 32 तासांत कापले आणि 20 एप्रिलला पुण्यात शिरला. पुणं शाबूत होतं. उन्हाळ्यात, दुष्काळाच्या छायेत, दख्खनच्या पठारावरून एवढी फौज आली आणि ती उपाशी नव्हती. त्यातलं बरंचसं धान्य आणि जनावरं पूर्णय्यांनी म्हैसुरातून उभी केली होती. फौजेबरोबर म्हैसूरचे स्वारही होते. त्यांचा सरदार बिष्णप्पा पंडित, आणि पुढे बाजूला बापू गोखल्यांचे मराठी स्वार.

युद्ध जाहीर झालं 6 ऑगस्टला. ही तारीख फार महत्त्वाची. आपली रीत काय? पावसाळा घरी, दसऱ्याला सीमोल्लंघन. घोडदळाचं राज्य असल्यावर ते बरोबरच होतं. वेलस्लीने उलटा विचार केला. नद्या भरलेल्या असतील तर मराठी स्वार मोकळे फिरू शकणार नाहीत. आपल्याकडे होड्या असतील तर आपण फिरू. म्हणून त्याने कातड्याने मढवलेल्या गोल टोपल्या नेण्याची तजवीज केली. हंपीला गेलेल्यांनी तुंगभद्रेवर त्या पाहिल्या असतील, बसलाही असाल. 8 ऑगस्टला अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली, 12 ला किल्ला. नगर घेतलं ते मुख्यतः कोठारासाठी, पुढे जायचं तर पाठीशी धान्याचं घर हवं. असईची लढाई झाली तेव्हा दसरा अजून उजाडायचा होता.

23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचं सैन्य उतरलं होतं. चाळीस-पन्नास हजार, त्यात जर्मन पोलमनच्या हाताखालचं सुमारे दहा हजार कवायती पायदळ आणि शंभरावर तोफा. वेलस्लीकडे गोऱ्या आणि कंपनीच्या पलटणी मिळून साडेचार हजार, शिवाय म्हैसूरचे व मराठी स्वार. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं. तो थांबला नाही. वाटाडे म्हणाले, नदीला पुढे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं. अल्याड एक गाव, पल्याड समोरासमोर दुसरं, पिंपळगाव आणि वरुड. समोरासमोरची गावं उताराशिवाय वसत नाहीत, असा तर्क केला, आणि उतार निघाला. मला या लढाईतला हा क्षण सर्वांत शहाणा वाटतो. नकाशापेक्षा माणसांची राहणी वाचणारा अधिकारी मला पुरवठ्याच्या खात्यात घ्यायला आवडला असता.

पुढचे तीन तास मात्र शहाणपणाचे नव्हते, रक्ताचे होते. शिंद्यांचं कवायती पायदळ त्याच्या अपेक्षेपेक्षा फार चपळाईने नव्या दिशेला वळलं. तोफखान्याने जे केलं ते आपल्या शाळांत शिकवायला हवं. इंग्रज रांग तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून झाडल्या. 74वी हायलँडर पलटण चुकून असई गावाच्या तोंडाशी गेली आणि जवळजवळ संपली. वेलस्लीचे दोन घोडे कामी आले. त्याचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584, म्हणजे मूळ पलटणींचा एक तृतीयांश. आपल्या 98 तोफा त्याच्या हाती पडल्या. म्हातारपणी कोणी विचारलं की तुमची सर्वोत्तम लढाई कोणती, तर तो वॉटर्लू नाही म्हणाला. असई म्हणाला.

मग आपण हरलो का? ‘फितुरी’ हा शब्द आपल्याकडे तयारच असतो. शिंद्यांच्या नोकरीतले कित्येक गोरे अधिकारी युद्ध सुरू होताच कंपनीकडे गेले, हे खरंच आहे. पण पोलमन उभा होता आणि पलटणी लढल्या. कमी पडलं ते वर. शिंदे आणि भोसले लढाई रंगात असताना मैदानात नव्हते, मोठं घोडदळ नुसतं पाहत राहिलं, आणि होळकर मुळात आलेच नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला एका देशस्थ दिवाणाचं धान्य, एका पंडिताचे स्वार आणि गोखल्यांचे मराठे होते. यांना गद्दार म्हणायचं का? पूर्णय्या म्हैसूरचे, त्यांच्या दृष्टीने मराठे हे पन्नास वर्षं त्यांचा मुलूख लुटणारे शेजारी. गोखले पेशव्यांचे, आणि पेशवे त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूला. हे बापू गोखले पुढे 1818 ला अष्टीला इंग्रजांशी लढतच पडले. ज्या मुलखात राज्यं पाच आणि झेंडे सात, तिथे या शब्दाला नेमका पत्ता नसतो.

पावसाळ्याचं म्हणाल, तर पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. 1804 च्या जुलै-ऑगस्टमध्ये कर्नल मॉन्सनची कंपनीची फौज होळकरांपुढून मुकुंदरा खिंडीतून आग्ऱ्यापर्यंत पळाली. तोच पावसाळा, तेच लाल डगलेवाले. धान्य नाही, होड्या नाहीत, तोफा चिखलात टाकून दिलेल्या. वेलस्लीने या माघारीची कारणं लिहून काढली, त्यात शौर्याबद्दल फारसं काही नाही. कोठारं आणि नदी उतरण्याची साधनं याबद्दल आहे.

असईनंतर 29 नोव्हेंबरला आडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड, मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. 1805 च्या मार्चमध्ये तो मद्रासहून घरी निघाला. वाटेत सेंट हेलेना बेटावर ज्या ब्रायर्स नावाच्या घरात उतरला, तिथेच दहा वर्षांनी कैदी नेपोलियन राहिला. हा योगायोग कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण हसलो असतो.

युरोपात त्याला ‘शिपायांचा जनरल’ म्हणून हिणवत. म्हणजे काळ्या शिपायांवर हुकूम चालवून मोठा झालेला. 1808 पासून स्पेन-पोर्तुगालात त्याने सहा वर्षं जे केलं ते म्हैसूरचंच होतं. धान्याचे साठे, खेचरांचे तांडे, शेतकऱ्याला पैसे देऊन माल, लुटणाऱ्या आपल्याच सैनिकाला फटके. फ्रेंच सैन्य मुलखावर जगायचं आणि मुलूख संपला की उपाशी राहायचं. अमृत महलचे बैल इथे असते तर, असं तो स्पेनमध्ये हळहळला असं म्हैसूरकडे अभिमानाने सांगतात.

22 जानेवारी 1828 ला तो पंतप्रधान झाला. पहिल्या मंत्रिमंडळ बैठकीनंतर म्हणे तो चकित झाला होता, मी हुकूम दिले आणि यांना त्यावर चर्चा करायची होती! तरी त्याने 1829 साली कॅथलिकांना पार्लमेंटचे दरवाजे उघडणारा कायदा स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जाऊन केला. आयर्लंडमध्ये नाहीतर यादवी होईल, हे आयरिश मातीतल्या माणसाला दिसत होतं. त्यावरून लॉर्ड विंचिल्सीने त्याच्यावर आरोप केले, तर पंतप्रधान असताना 21 मार्चला पिस्तूल घेऊन द्वंद्वाला उभा राहिला. दोघांनी नेम चुकवला. लंडनचं पोलीस दलही त्याच सरकारातल्या पीलने उभं केलं.

पण 1830 च्या नोव्हेंबरात त्याने पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की आहे ही मतदानाची पद्धत उत्तम आहे, सुधारणेची गरज नाही. बाहेर लोक मताचा हक्क मागत होते. दोन आठवड्यांत सरकार पडलं. पुढच्या वर्षी जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या आणि त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. ज्याला मैलावरच्या दोन गावांमधली वाट दिसली, त्याला स्वतःच्या दारातली गर्दी कळली नाही. माझं मत विचाराल तर श्रीरंगपट्टणात त्याच्या शब्दाला ‘का’ विचारणारं कोणी नव्हतं, आणि ती सवय जाता गेली नाही. 1834 च्या शेवटी पील इटलीत असताना तीन आठवडे तो पुन्हा पंतप्रधान होता, तेव्हा गृह, परराष्ट्र आणि युद्ध ही खातीसुद्धा एकट्यानेच सांभाळली. त्यात तो खुशीत होता असं दिसतं.

इकडे म्हैसूरचं काय झालं? पूर्णय्या 1812 मध्ये गेले. पाच वर्षांचा असताना गादीवर बसवलेला राजा मोठा झाला, आणि नगरच्या रयतेच्या बंडाचं कारण दाखवून 1831 साली बेंटिंकने राज्यकारभार कंपनीकडे घेतला. पन्नास वर्षांनी, 1881 ला तो वोडेयरांना परत मिळाला. अमृत महलची खिल्लारं म्हैसूरकडे दिल्यावर खालावली, तेव्हा कंपनीच्या पुरवठा खात्याने ती पुन्हा आपल्या ताब्यात घेतली. आमच्या खात्याचे ते पूर्वज.

ड्यूक 14 सप्टेंबर 1852 ला वारला. 18 नोव्हेंबरला लंडनमध्ये सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. शवपेटीसाठी वॉटर्लूच्या तोफांचं धातू ओतून कित्येक टनांचा गाडा केला होता, त्याला बारा घोडे जुंपले. रात्रभर पाऊस झाला होता. वाटेत चाकं चिखलात रुतली, घोड्यांना गाडा हलेना, आणि शेवटी पोलिसांनी दोर लावून तो ओढून काढला.